सर्जनशीलतेची चाचणी घेताय? आधी खोलीकडे बघा

सर्जनशीलतेवर प्रबंध करायचा ठरला की मुलं सगळ्यात आधी चाचणी शोधायला लागतात. विटेचे उपयोग विचारू की वर्तमानपत्राचे, प्रमाणित चाचणी कुठली मिळेल, गुण कसे द्यायचे. खोली कुठली, सूचना कोण वाचणार, वेळ किती, हे सगळं शेवटच्या आठवड्यात जमेल तसं. मी मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते, आणि माझ्याकडे येणाऱ्यांना हा क्रम उलटा करायला लावते.

कारण साधं आहे. कॉलेजात पोचलेल्या मुलामुलींनी आयुष्यभर परीक्षाच दिलेल्या असतात. कागद पुढे आला, घड्याळ लागलं, कुणीतरी रांगांमधून फिरायला लागलं की त्यांचं डोकं आपोआप एकच बरोबर उत्तर शोधायला लागतं. आपल्याला तर नेमकं त्याच्या उलट हवं असतं. पानावर जे उतरतं ते त्या दिवशी, त्या खोलीत, त्या सूचनेनंतर त्या डोक्यातून जेवढं बाहेर पडू शकलं तेवढंच असतं. डोकं आपल्या हातात नाही, खोली आहे.

काय मोजायचंय?

जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात सर्जनशीलतेचा विषय उचलून धरला आणि पुढे अपसारी विचाराच्या, म्हणजे एकाच प्रश्नाची अनेक वेगवेगळी उत्तरं सुचण्याच्या, चाचण्यांचा पाया घातला. विटेचे जमतील तितके उपयोग लिहा, हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला प्रकार. उत्तरं प्रवाहीपणा (किती सुचली), लवचिकता (किती प्रकारची), मौलिकता (किती अनोखी) आणि विस्तार (किती तपशील) या चार अंगांनी तपासतात. सारनॉफ मेडनिक यांची १९६२ ची दूरस्थ साहचर्य चाचणी अगदी वेगळी. तिथे तीन शब्द देतात आणि तिघांशी जुळणारा चौथा ओळखायचा असतो. ‘डोळे, तोंड, मोती’ असं दिलं तर ‘पाणी’. उत्तर एकच, पण तिथवर जायची वाट आडवळणाची.

हे आधी ठरवायचं कारण असं, की एका चाचणीला मानवणारी परिस्थिती दुसरीला मानवेलच असं नाही. मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांच्या २०१४ च्या प्रयोगांत चालता चालता पर्यायी उपयोग जास्त आणि नवे सुचले, पण तीन शब्दांच्या चाचणीत चालणाऱ्यांची कामगिरी थोडी घसरलीच. तेव्हा ‘सर्जनशीलतेसाठी पोषक वातावरण’ असं मोघम शीर्षक लिहून माझ्याकडे आलात तर मी ते पहिल्यांदा खोडेन.

वेळेत हात आखडू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून बघू. विटेच्या उपयोगांचं एखादं पान हातात घ्या. वरच्या ओळी जवळजवळ प्रत्येक पानावर सारख्याच असतात: भिंत, पायरी, दाराला अडसर, कागद उडू नयेत म्हणून वजन, खिळा ठोकायला, कुंडीखाली ठेवायला. अक्षर सुटसुटीत, ओळी भराभर. मग पेन थांबतं. मुलगी वर बघते, समासात उगाच एक रेघ मारते, शेजारणीच्या पानाकडे तिची नजर जाते. एक-दोन ओळी अडखळत येतात आणि त्याही आधीच्यांच्याच चुलत बहिणी असतात, म्हणजे बाटलीखाली ठेवायला, टेबलाच्या पायाखाली ठेवायला. यानंतर, बसू दिलं तर, अक्षर बदलतं. ‘कुटून लाल रंग करायला.’ ‘दोन विटा एकमेकींवर घासून नाटकात दगडी दार सरकल्याचा आवाज काढायला.’ ‘विटेच्या भोकांत पेन्सिली उभ्या ठेवायला.’ आपल्याला हवं असलेलं सगळं त्या अडखळण्याच्या पलीकडे असतं. आणि आपण बहुतेक वेळा ऐन अडखळण्याच्या क्षणी ‘पेनं खाली ठेवा’ म्हणतो.

हे माझं निव्वळ निरीक्षण नाही. क्रिस्टेन्सन, गिलफर्ड आणि विल्सन यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं की वेळ जाईल तशी उत्तरांची संख्या घटते आणि अनोखेपणा वाढतो. रॉजर बीटी आणि पॉल सिल्व्हिया यांनी २०१२ मध्ये दहा मिनिटांची मुदत देऊन तेच पुन्हा तपासलं. त्यात एक बारकावा निघाला: तर्कबुद्धी जास्त असलेल्यांमध्ये हा चढ कमी दिसतो, कारण त्यांची सुरुवातच वरच्या पायरीवरून होते. याचा अर्थ असा, की दोन-तीन मिनिटांत चाचणी गुंडाळली तर आपण झटकन सुरुवात करू शकणाऱ्यांना झुकतं माप देतो आणि त्याला सर्जनशीलता असं नाव लावतो.

मग करायचं काय? वस्तू कमी द्या, वेळ जास्त द्या. चार वस्तू तीन-तीन मिनिटं देण्यापेक्षा दोन वस्तू आठ-दहा मिनिटं दिलेल्या केव्हाही बऱ्या. मुदत सुरुवातीलाच सांगून टाका आणि वर हेही सांगा, की मध्येच काही सुचेनासं होईल, तेव्हा उठू नका, त्यानंतरच पुढचं येतं. हे एक वाक्य सांगितलं नाही तर निम्मा वर्ग पाचव्या मिनिटाला पान पालथं करून बसतो. मोठं घड्याळ समोर नको. ‘शेवटची दोन मिनिटं’ ही आरोळीही नको, ती सरळ परीक्षेच्या हॉलमधून आलेली असते. अर्ध्या वेळेला फक्त एकदा ‘शेवटच्या उत्तराखाली आडवी रेघ मारा’ म्हणा. त्या रेघेमुळे पुढे आधीची आणि नंतरची उत्तरं वेगळी तपासता येतात. काहीजण दर मिनिटाला रेघ मारायला लावतात. तक्ता सुंदर होतो, पण लिहिणाऱ्याची लय पार मोडते.

वेळेची मर्यादाच काढून टाकली तर? सुचायला मदत होते, पण मग चिकाटी आणि सर्जनशीलता यांची सरमिसळ होते. ज्याला कंटाळा कमी येतो तो जास्त लिहितो. घरी न्यायला दिलेल्या चाचणीचा तर आता विचारच करू नका. विटेचे शंभर उपयोग कुठलाही चॅटबॉट चहा गाळायच्या आत लिहून देतो.

एक अपवाद मात्र पाळा. टॉरन्स यांच्या सर्जनशील विचाराच्या चाचणीसारखी प्रकाशित चाचणी घेत असाल तर पुस्तिकेतली वेळ म्हणजे वेळ. टॉरन्स यांच्या आकृती-चाचणीत, म्हणजे चित्रं काढायच्या भागात, तीन कृती असतात, प्रत्येकीला १० मिनिटं. त्यात एक मिनिट जरी स्वतःच्या मनाने वाढवलं तरी पुस्तिकेतल्या मानकांशी, म्हणजे इतरांच्या नेहमीच्या गुणांशी, तुलना करायचा हक्क गेला.

सूचना: मनातलं उघड बोला

‘जास्तीत जास्त उपयोग लिहा’ असं सांगायचं आणि नंतर गुण मात्र मौलिकतेला द्यायचे, हा आपल्याकडचा सर्रास चालणारा प्रकार. विद्यार्थी सांगितलेलं करतो, आकडा वाढवतो, आणि आपण म्हणतो की नावीन्य नाही. डेव्हिड हॅरिंग्टन यांनी १९७५ मध्ये कॉलेज विद्यार्थ्यांना ‘सर्जनशील व्हा’ असं स्पष्ट सांगून बघितलं आणि उत्तरांचा दर्जा वाढला. पुढे हे अनेकांनी तपासलं. वेळ आणि सूचना या दोन गोष्टींवर समेह सैद-मेतवाली आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये आधीच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषणच केलं. अशा सूचनेने उत्तरांची संख्या बऱ्याचदा कमी होते. होऊ द्या.

मी वापरते ती सूचना अशी. पाठ करू नका, कागदावरून वाचा, म्हणजे प्रत्येक गटाला शब्दन् शब्द तोच मिळेल:

‘तुमच्यासमोर एका वस्तूचं नाव येईल. तिचे नेहमीचे उपयोग सोडून वेगळे उपयोग लिहायचे आहेत. इतरांना सहसा सुचणार नाहीत असे उपयोग हवेत, पण ते त्या वस्तूने खरंच करता आले पाहिजेत. किती लिहिले यापेक्षा काय लिहिलं ते महत्त्वाचं आहे. शुद्धलेखन आणि अक्षर बघितलं जाणार नाही. दहा मिनिटं आहेत. मध्ये काही सुचलं नाही तरी बसून राहा.’

यात उदाहरण नाही, हे लक्षात आलं असेल. मुद्दामच नाही. जॅन्सन आणि स्मिथ यांनी १९९१ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना रचना करायला दिल्या आणि काहींना नमुना दाखवला. नमुन्यातले दोषसुद्धा त्यांच्या आराखड्यांत उतरले, काही ठिकाणी तर ते टाळा असं बजावलेलं असूनही. तुम्ही ‘उदाहरणार्थ, विटेचा पेपरवेट’ म्हणालात की पुढची दहा पानं वजन ठेवण्यावर जातात. उदाहरण द्यावंच लागलं तर चाचणीत नसलेल्या वस्तूचं द्या, आणि एक नको, एकमेकांशी काहीही नातं नसलेली दोन द्या.

भाषेची अट घालू नका. मनात ज्या भाषेत आलं त्या भाषेत लिहू द्या, मिसळली तरी चालेल. शब्द शोधण्यात गेलेला वेळ कल्पनेच्या खात्यातून वजा होतो. हाताने लिहिणं आणि टाइप करणं यांतलं काहीही चालेल, फक्त सगळ्यांना एकच. फोनवर सराईत टाइप करणारा आणि अडखळत टाइप करणारा यांच्यात फरक पडतो तो बोटांचा.

बघणाऱ्याची नजर

एक गोष्ट कधी मागच्या बाकावर बसून बघा. पर्यवेक्षक रांगेतून चालत येतो. तो दोन बाकं लांब असतानाच पेनं मंदावतात. जवळ आला की डावा हात पानावर सरकतो आणि शेवटची ओळ झाकतो. पुढे गेला की त्यातली एखादी ओळ खोडली जाते. आणि ती बहुधा सगळ्यात विचित्र ओळ असते. ‘हे वाचून सर काय म्हणतील’ हा विचार नव्या कल्पनेचा पहिला शत्रू.

टेरेसा अमाबिले यांनी १९७९ मध्ये कॉलेजातल्या मुलींकडून कागदी कोलाज करून घेतली. काहींना आधीच सांगितलं होतं की कलाकार तुमचं काम तपासणार आहेत. त्यांची कोलाज कमी सर्जनशील ठरली. अपवाद त्यांचा, ज्यांना काय केलं म्हणजे काम सर्जनशील धरलं जाईल हेही नेमकं सांगितलं होतं. पण तिथे मग सर्जनशीलता उरली की सूचनांचं पालन, हा वाद मी वर्गात हमखास लावून देते.

म्हणून माझा नियम: सूचना वाचायच्या, शंका सोडवायच्या, आणि मागे जाऊन बसायचं. फेऱ्या नाहीत, कुणाच्या खांद्यावरून डोकावणं नाही. कागदावर नाव किंवा हजेरी क्रमांक नको, चिठ्ठी उचलून मिळालेला संकेतांक पुरे. विषय शिकवणाऱ्याने स्वतः चाचणी घेऊ नये, कारण अंतर्गत गुण त्याच्याच हातात असतात हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. संमतीपत्रही एकदा परक्याच्या डोळ्यांनी वाचा. ‘आपल्या सर्जनशील क्षमतेचे मूल्यमापन व तुलना करण्यात येईल’ असं छापलेलं मी बघितलंय. खरं आहे ते लिहा, पण ‘वेगवेगळ्या लोकांना कल्पना कशा सुचतात याचा अभ्यास’ हेही तितकंच खरं असतं.

प्रश्नावल्यांचा क्रम हा तर सगळ्यांच्या नजरेतून सुटणारा मुद्दा. अमाबिले यांच्याच १९८५ च्या अभ्यासात ७२ लिहित्या तरुणांना छोट्या कविता करायला सांगितल्या. मध्ये काहींनी लिहिण्याच्या बाह्य कारणांची यादी, म्हणजे पैसा, नाव वगैरे, क्रमाने लावली. एवढ्याशा कामाने त्यांची पुढची कविता परीक्षकांना कमी सर्जनशील वाटली. आणि आपण काय करतो? आधी करिअरविषयक आकांक्षांची चाळीस विधानं भरून घेतो आणि मग म्हणतो, चला, आता कल्पना लढवा. सर्जनशीलतेची चाचणी पहिली घ्या, बाकी सगळं नंतर.

बक्षिसाचंही तसंच. सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६२ मध्ये मेणबत्तीच्या कोड्यावर लवकर सोडवणाऱ्याला पैसे देऊ केले. टाचण्यांची डबी, काडेपेटी आणि मेणबत्ती, आणि मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की मेण खाली सांडू नये. युक्ती अशी, की डबीच भिंतीला टाचून तिच्यावर मेणबत्ती ठेवायची. डबी टाचण्यांनी भरलेली असताना पैशाच्या आशेने काम करणारे उलट जास्त रेंगाळले. डबी रिकामी करून बाजूला ठेवल्यावर, म्हणजे कोडं सोपं झाल्यावर, पैशासाठी काम करणाऱ्यांनीच ते पटापट सोडवलं. सहभागाबद्दल काही द्यायचं असेल तर सगळ्यांना सारखं द्या, आणि उत्तरांशी त्याचा संबंध नाही हे आधीच सांगा.

खेळ म्हणायचं का?

मायकेल वॉलॅक आणि नेथन कोगन यांनी १९६५ मध्ये पाचवीतल्या १५१ मुलांना एकेकटं बसवून, वेळेचं बंधन न घालता, खेळासारख्या वातावरणात चाचण्या दिल्या आणि सर्जनशीलतेचे गुण बुद्धिमत्तेच्या गुणांपासून बरेच सुटे झाले. तेव्हापासून ‘खेळकर वातावरण’ हा परवलीचा शब्द झालाय. दुसऱ्या बाजूला जॉन हॅटी यांनी १९७७ मध्ये यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, १९८० मध्ये स्वतः पडताळा घेतला, आणि त्यांचा कौल नेहमीच्या चाचणीसारख्या वातावरणाकडे गेला.

माझं मत विचाराल तर कॉलेजातल्या मुलांना खेळ म्हणून फसवू नका. अकरा वर्षांच्या मुलाला तो खेळ वाटतो, वीस वर्षांच्या मुलीला त्यात काहीतरी डाव आहे असं वाटतं, आणि ती डाव ओळखण्यात डोकं घालते. सरळ सांगा की चाचणी आहे, निकालपत्रकाशी संबंध नाही, आणि तो खरोखर नसू द्या.

गटात बसून बोलत सुचवायला सांगण्याचा मोह होतो, तो आवरा. टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी १९५८ मध्येच दाखवलं की एकेकटे बसून लिहिणाऱ्यांची उत्तरं एकत्र केली तर ती तेवढ्याच माणसांच्या बोलक्या गटापेक्षा जास्त भरतात. डील आणि श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये मुख्य कारण शोधलं: दुसरा बोलत असताना आपल्याला थांबावं लागतं, आणि थांबण्यात सुचलेलं निसटतं. गटाचंच काम तपासायचं असेल तर आधी सगळ्यांनी मुकाट लिहावं, मग वाचावं.

आवाज, वेळ, भिंती

याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते आणि मला सगळ्यात कमी उत्साह आहे. मेहता, झू आणि चीमा यांनी २०१२ मध्ये ५०, ७० आणि ८५ डेसिबल आवाजात चाचण्या घेतल्या. ७० ला कामगिरी बरी, ८५ ला घसरली. वाइथ आणि झॅक्स यांना २०११ मध्ये आढळलं की अचानक उलगडणारी कोडी लोकांना त्यांच्या मरगळीच्या वेळी जास्त सुटतात. वाचायला मजा येते, पण म्हणून स्पीकर विकत घेऊ नका. सगळे गट एकाच तासाला घ्या, आणि आवाज किती आहे यापेक्षा तो सगळ्यांना सारखा आहे का ते बघा.

भिंती मात्र खरंच बघा. ‘गोल वस्तू लिहा’ असं विचारलं की नजर आधी छतावर जाते, मग भिंतीवर, मग शर्टाच्या गुंड्यांवर. तक्ते लावलेल्या प्रयोगशाळेत आणि रिकाम्या वर्गात एकाच प्रश्नाची उत्तरं वेगळी येतात, आणि त्यात मुलांचा काही हात नसतो.

तपासणी आणि नोंद

उत्तरपत्रिका तपासायला देण्याआधी सगळ्या गटांच्या एकत्र पिसा. कुठलं पान कुठल्या परिस्थितीतलं हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. उत्तरं टाइप करून द्या, कारण चांगल्या अक्षराला नकळत गुण जातात. निदान दोघांनी, एकमेकांशी न बोलता, तपासावं. मौलिकतेचे गुण नुसते बेरजेने काढले तर जास्त लिहिणारा जिंकतोच. सिल्व्हिया आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सुचवलेला मार्ग मला पटतो: प्रत्येकाने आपल्या उत्तरांपैकी सगळ्यात सर्जनशील वाटणाऱ्या दोनांना खूण करायची आणि तेवढीच तपासायची.

चाचणी चालू असतानाच एक पान भरत जा. तारीख, तास, खोली, किती जण, सूचना कुणी वाचली, मध्ये कोण आलं, घंटा झाली का, दिवे गेले का आणि कितव्या मिनिटाला. त्याआधीच्या तासाला त्या वर्गाची दुसरी कुठली परीक्षा होती का, हेही. प्रबंधात ‘चाचणी योग्य वातावरणात घेण्यात आली’ असं एक वाक्य लिहून मोकळं होतात. त्या वाक्याच्या जागी हे पान टाका.

आणि चाचणीची परिस्थिती हाच तुमचा विषय असेल तर एका तुकडीला सैल वातावरण आणि दुसरीला कडक, असं कधीही करू नका. तुकड्या आधीच वेगळ्या असतात. एकाच तुकडीतले विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून दोन खोल्यांत वाटा, वस्तू तीच, सूचना तीच, आणि बदल फक्त एकच करा, वेळेचा किंवा नजरेचा. दोन्ही एकदम बदललेत तर फरक कशाने पडला हे कुणालाच सांगता येणार नाही. सूचना वाचणारे दोघे असतील तर पुढच्या फेरीत त्यांच्या खोल्या अदलाबदल करा, म्हणजे एकीचा आवाज गोड होता म्हणून गुण वाढले, ही शंका तोंडी परीक्षेत कुणी काढलीच तर तुमच्याकडे उत्तर असेल.